कोमातली सून

वसईच्या बाजारात मला लोक ओळखतात, पण माझ्याशी बोलताना आवाज खाली आणतात, आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसा. परवा कोलंबीवाली मावशी वाटा पिशवीत ओतता ओतता म्हणाली, "बाय, तू उठशील कवा गं? माझी सासू रोज इचारते." मी म्हटलं, "मावशी, मी उठलेलीच आहे. ही काय तुमच्यापुढे उभी." तिने माझ्याकडे इतक्या कळवळ्याने पाहिलं की क्षणभर मलाच माझी शंका आली. मग तिने वर मूठभर कोलंबी जास्तीची घातली. "खा, ताकद येल," म्हणाली.

तर सांगायचं म्हणजे मी एका मराठी मालिकेत धाकटी सून आहे, आणि वर्ष उलटून गेलं तरी कोमात आहे. बाकीचे कलाकार सकाळी सेटवर येऊन साड्या नेसतात, दागिने घालतात, संवाद घोकतात. मी नाकात नळी लावून घेते आणि पडते. संध्याकाळी नळी काढते आणि घरी जाते. याला अभिनय म्हणायचं की नाही यावर माझं आणि माझ्या वडिलांचं अजून एकमत झालेलं नाही.

आमची वाडी वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूची. केळी, पानवेल, थोडी फुलं. घरी आम्ही आमची बोली बोलतो, जिच्यात सकाळला हकाळ म्हणतात आणि जी दोन गावं ओलांडली की कुणाला धड कळत नाही. या वाडीतून मी मॉडेल झाले. मॉडेल म्हटलं की लोकांना रॅम्प दिसतो, झगमगाट दिसतो. माझी सुरुवात एव्हरशाईन सिटीतल्या एका फ्लॅटच्या बेडरूममध्ये झाली. भिंतीला पांढरा पडदा, दोन दिवे, आणि कोपऱ्यात साड्यांचे गठ्ठे. घाऊक व्यापाऱ्यांच्या कॅटलॉगचं काम. साडी नेसवायलाही वेळ नसायचा. परकरावर समोरून निऱ्या खोचायच्या, पदर टाकायचा आणि मागून सगळं चिमट्यांनी आवळायचं. पुढून मी लक्ष्मी, मागून कपडे वाळत घातलेली दोरी. फोटोग्राफर एकच गोष्ट सांगायचा, "हलू नकोस." आणि मी हलत नसे. नाकाला खाज आली, पाठीत चिमटा रुतला, तरी नाही. बाकीच्या मुली दर फोटोला डोळे मिटायच्या, म्हणून त्यांचा दिवस लांबायचा. माझं काम पटापट व्हायचं आणि मला पुन्हा बोलावणं यायचं. बाबा एकदा म्हणाले, "वाडीत बुजगावणं उभं करतो तसलंच काम हे. पण बुजगावण्याला कुणी एसी रिक्षा पाठवत नाही." रिक्षा एसी नव्हती, पण बाबांना तपशिलात शिरायची सवय नाही.

न हलण्याच्या त्या एका गुणावर माझं पोट भरलं, आणि त्याच गुणाने पुढे माझा गळा धरला.

साड्यांनंतर दागिन्यांच्या जाहिराती आल्या, मग मालिकेचं बोलावणं आलं. ऑडिशनला मी मन लावून बोलले तर ते म्हणाले, "चेहरा छान आहे, पण गावचा टोन येतोय." मी टोन घालवला. आरशासमोर उभं राहून एकेक शब्द घासून पुसून लख्ख केला. पुण्याच्या सदाशिव पेठेत जन्मल्यासारखी बोलायला लागले, तेव्हा त्यांनी मला धाकटी सून केलं. सुरुवातीचे काही महिने मी खरंच बोलत होते. भांडत होते, रुसत होते, देवघरात दिवा लावत होते. मग एक दिवस क्रिएटिव्हने मला बाजूला घेतलं. क्रिएटिव्ह म्हणजे वाहिनीची माणूस, गोष्टीत पुढे काय घडायचं ते ठरवणारी. वयाने माझ्याहून लहान, पण मालिकेतली माणसं जगवायची की मारायची हे तिच्या हातात. ती म्हणाली, "तुला एक छोटासा कोमा आहे गं. दोनच आठवड्यांचा. मोठ्या सुनेला जरा रडायला स्कोप मिळेल."

मी जिन्यावरून पडले. मोठी सून रडली. आणि प्रेक्षकांना माझं पडून राहणं इतकं आवडलं की मालिकेचा टीआरपी चढला. दोन आठवड्यांनी मी विचारलं, "मी उठू?" ती म्हणाली, "आत्ता नको यार." त्यानंतर नियमच झाला. टीआरपी जरा घसरला की शुक्रवारच्या भागात माझं बोट हलायचं. कॅमेरा बोटावर जायचा, सासू किंचाळायची, डॉक्टर धावत यायचा, आणि सोमवारी कळायचं की तो भास होता. घराघरांत लोक माझ्या बोटाकडे बघत बसत. करंगळी की तर्जनी यावर म्हणे पैजा लागत.

आमचा सेट नायगाव पूर्वेला, जूचंद्रच्या पुढे. एका मोठ्या शेडमध्ये प्लायवूडचा बंगला उभा केलाय. दिवाणखान्याला छत नाही, जिना कुठेच जात नाही, आणि देवघराच्या मागे माझी हॉस्पिटलची खोली. साऱ्या शेडमध्ये धड चालणारा एसी फक्त त्या खोलीत. त्यामुळे शॉट नसला की सगळे तिथे येऊन बसायचे. मला नळ्या काढायचा कंटाळा, म्हणून मी तशीच पडून असायची. माणसं किती लवकर विसरतात. माझ्या पलंगाच्या कडेवर बसून लोकांनी डबे खाल्लेत, घटस्फोटाच्या वाटाघाटी केल्यात, एकमेकांच्या खोड्या काढल्यात. माझ्याविषयीही बोलायचे. एकदा एक सहाय्यक दुसऱ्याला सांगत होता, "हिचं बरंय, असून अडचण नसून खोळंबा." मी डोळे मिटूनच म्हटलं, "ऐकतेय मी." त्याच्या हातातला चहा माझ्या चादरीवर सांडला आणि वर मलाच ओरडा बसला, कारण आदल्या शॉटमध्ये चादरीवर डाग नव्हता.

मिटलेले डोळे स्थिर ठेवणं वाटतं तितकं सोपं नाही. पापण्या फडफडतात. मी पापण्यांच्या आत बुबुळं खाली, हनुवटीकडे लावून ठेवते, म्हणजे फडफड थांबते. श्वास पोटात घ्यायचा नाही, वर छातीतही नाही, मधेच कुठेतरी लपवायचा. आमचे दिग्दर्शक कौतुकाने सांगत, "हिच्यासारखी बेशुद्ध मुलगी इंडस्ट्रीत दुसरी नाही." सगळे माना डोलवत. मला तेव्हा ओरडावंसं वाटायचं.

कारण ते पडून राहणं माझ्या अंगात शिरत चाललं होतं. जेवताना मी मधेच थांबायची आणि घास हातातच राहायचा. आई हाक मारायची आणि मी ऐकून न ऐकल्यासारखी बसायची, मुद्दाम नाही, उत्तर द्यायचं असतं हेच लक्षात यायचं नाही. एका सकाळी जाग आली आणि मला हात उचलता येईना. पंखा दिसत होता, बाहेर बाबा पाण्याचा पंप चालू करत होते तो आवाज येत होता, आणि माझा हात माझा नव्हता. काही क्षणच असेल. पण त्या दिवशी मी घाबरले. नोकरीत अडकलेली माणसं मी पाहिली होती, लग्नात अडकलेली पाहिली होती. पलंगात अडकलेली मीच पहिली.

हे असं चालू असताना एक दिग्दर्शक आमच्या वाडीत आले. त्यांना एका मराठी चित्रपटासाठी जागा बघायची होती. शूटिंगला सुट्टी होती; मी गाऊनवर, डोक्याला फडकं बांधून, पाण्याच्या पाळीवरून बाबांशी तारस्वरात भांडत होते, अर्थातच आमच्या बोलीत. दिग्दर्शक पानवेलीच्या आडून ऐकत राहिले. मग पुढे येऊन म्हणाले, "हे असंच कॅमेऱ्यासमोर बोलाल?" मी मालिकेतली कोमातली सून, हे त्यांना ठाऊकही नव्हतं. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता. तेवढ्यावरच मला ते आवडले.

चित्रपट होता नवऱ्यामागे एकटीने वाडी राखणाऱ्या बाईचा. बाई प्रत्येक प्रसंगात होती आणि सबंध वेळ आमच्या बोलीत बोलत होती. मी संवाद घरी आणले आणि ओटीवर बसून आईला वाचून दाखवले. आई हसून लोळायची बाकी राहिली. "असं नाय बोलत कोण," म्हणत तिने लेखकाच्या अर्ध्या ओळी फिरवून दिल्या, आणि दिग्दर्शकांनी त्या तशाच ठेवल्या. जो टोन घालवायला मी महिनोन्‌महिने आरसा झिजवला, तोच आता कुणाला तरी हवा होता. मला हा चित्रपट हवा होता. आयुष्यात इतकं हवंसं काही वाटलं नव्हतं, आणि हे लिहितानाही त्याची लाज वाटत नाही.

अडचण दोन बाजूंनी होती. दिग्दर्शकांना शूटिंग दिवाळी संपताच सुरू करायचं होतं, कारण जी शेजारची वाडी त्यांनी ठरवली होती ती मालकाने विकायला काढली होती. थंडीनंतर तिथे झाड उरणार नव्हतं. आणि मी करारात होते. मालिका चालू असेतोवर दुसरीकडे काम करायचं नाही. तशीच निघून गेले असते तर निर्मात्याने तक्रार करून त्या चित्रपटाचंच काम थांबवलं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी क्रिएटिव्हला गाठलं. ती म्हणाली, "पण तुला इथे काही करायचंच नसतं ना. फक्त झोपायचं. प्रॉब्लेम काय आहे?" मी म्हटलं, "तोच प्रॉब्लेम आहे." मग मी तिला सगळं सांगितलं, वाडी, बाई, बोली, दिवाळी. ती दुष्ट नव्हती. तिने मोबाइल खाली ठेवला आणि विचार केला. "ठीक आहे," म्हणाली, "दिवाळीआधी तुला मारून टाकते." मी तिला मिठी मारली. कुणी मारून टाकते म्हणतंय आणि आपण गळ्यात पडतोय, हे आमच्याच धंद्यात घडतं.

मी चित्रपटाच्या दिग्दर्शकांना होकार कळवला. आईने देवापुढे साखर ठेवली. बाबांनी, गंमत म्हणजे, काहीच टोमणा मारला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीत जाऊन तिथल्या पाटाची साफसफाई करून आले.

आमच्याकडे एक रीत आहे. कलाकाराचा मरणाचा प्रसंग चित्रित झाला, की 'कट' म्हटल्यावर कॅमेरा बंद करत नाहीत. मेलेल्याने उठून बसायचं, कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, आणि मगच कॅमेरा बंद करायचा. माणसाचा शेवटचा शॉट मरणाचा राहू नये म्हणून. वर पेढा देतात. त्या दिवशी प्रॉडक्शनने पेढे आधीच आणून ठेवले होते. जूचंद्रच्या आमच्या हेअर-ताईने माझे केस उशीवर पसरून नीट लावले आणि म्हणाली, "पानी पिऊन घे बाय. मरताना घसा सुका नको." आणि हलकेच पेढ्याचा एक तुकडाही तोंडात घातला. मी झोपले.

सासूचं काम करणाऱ्या ताई मोठ्या ताकदीच्या नटी. तीस वर्षं रंगभूमी गाजवून आता मालिकेत आल्या होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. यंत्रावरची रेघ सरळ झाली, तो लांब सूर वाजायला लागला, आणि ताई संवादाबाहेरचं बोलल्या, हळूच, माझ्या कपाळाला कपाळ लावून. "जा बाळा. सुटलीस."

त्या सुनेला म्हणाल्या की मला, ते मी कधी विचारलं नाही. पण ते शब्द ऐकले आणि माझ्या डोळ्यांपुढे शेजारच्या वाडीतला तो पाट आला, साफ केलेला, पाणी वाहतं झालेला. आता हसायचा शॉट, मग पेढा, मग घर, मग वाडी. आनंद मावेना. बुबुळं हनुवटीकडे लावलेली होती, श्वास लपवलेला होता, अंगाचा एक स्नायू हलला नाही. फक्त उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक थेंब निघाला आणि कानाकडे ओघळत गेला.

कॅमेरा अगदी जवळ होता. कट कुणी म्हणेचना. मी वाट बघत पडले. शेवटी डोळे उघडले तर मालिकेच्या दिग्दर्शकांच्या डोळ्यांत पाणी, आणि कोपऱ्यात त्यांचा फोन वाजत होता. क्रिएटिव्ह वाहिनीच्या ऑफिसात बसून तोच शॉट तिच्या पडद्यावर बघत होती. तिचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "तिला मारू नका. ती ऐकतेय. ओ माय गॉड, कोमात आहे पण तिला सगळं ऐकू येतंय. हाच आपला पुढचा ट्रॅक."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. वर्षभर पापणी हलू दिली नाही, आणि सुटकेच्या दिवशी डोळ्यांनी दगा दिला.

मी खूप भांडले. सांगितलं की तो अश्रू सुनेचा नव्हता, माझा होता, आनंदाचा होता. क्रिएटिव्ह मला समजावत राहिली. "लोकांना काय कळणार कसला होता? आणि तू केवढी मोठी अॅक्ट्रेस आहेस, तुला कळतंय का? यार, एका थेंबात." तिला खरंच वाटत होतं की ती माझं भलं करतेय. हेअर-ताईने उरलेला पेढा कागदात बांधून दिला, तो मी रिक्षावाल्याला दिला. हसायचा शॉट झालाच नाही, कारण कुणी मेलंच नव्हतं.

तो भाग लागला आणि जिकडेतिकडे माझ्या अश्रूची चर्चा झाली. चित्रपटाचे दिग्दर्शक थांबले, जमेल तितके. मग त्यांचा फोन आला. "वाडी थांबणार नाही गं," म्हणाले. त्यांनी पुण्याची एक मुलगी घेतली होती. मी म्हटलं, "हो, बरोबर आहे." मग ते अडखळत म्हणाले, तिला बोली येत नाही, तुझ्या आईंनी शिकवली तर. आईने मला विचारलं, "तुला चालेल ना?" मी म्हटलं, "मला काय होणार आहे?"

ती मुलगी आमच्या ओटीवर यायला लागली. सुट्टीच्या दिवशी मी तिला पाहिलं. ती वाईट असावी अशी माझी फार इच्छा होती. उर्मट असती, आळशी असती, तर किती बरं झालं असतं. ती गुणी निघाली. आईला काकी म्हणायची, खाली बसून पानं खुडायला शिकायची, चुकली की पुन्हा म्हणायची. दोन दिवसांत तिच्या तोंडी आमचा हकाळ बसला, आणि मला आतल्या खोलीत बसून ते ऐकताना वाटलं की घरात कुणीतरी माझे कपडे घालून फिरतंय. मीही घरीच होते, पण कुणी विचारलं असतं की या घरची मुलगी कोणती, तर मला सांगता आलं नसतं.

एक ओळ मात्र तिला जमेना. दीर टेप घेऊन वाडी मोजायला येतो आणि बाई त्याला म्हणते, तू मोजत बस, मला पाणी सोडायचंय. एवढंच. आई ती ओळ म्हणायची, पण आई काही नटी नाही. ती दर वेळी हसत, घाईत म्हणून टाकायची. मुलगी दारात येऊन उभी राहिली. "ताई, तुम्ही एकदा म्हणून दाखवाल? मी फोनवर घेते, म्हणजे मला घरी ऐकता येईल."

मी बाहेर आले. तिने फोन पुढे धरला. मी उभी राहिले, आणि मला कळेना हात कुठे ठेवायचे. मग समोर बाबा दिसले, पाटाशी वाकलेले, आणि मी ती ओळ म्हटली. आमच्या बोलीत, माझ्या आवाजात. मोठ्याने नाही. मला जी बाई त्या संवादांत दिसली होती, ती तिथे उभी होती, तिचा सगळा राग आणि सगळी वाडी त्या एका ओळीत होती. बाबा कमरेत ताठ झाले आणि वळून बघत राहिले. आईने पदर तोंडाला लावला. माझं सारं अंग थरथरत होतं, इतक्या महिन्यांनी ते हलत होतं.

मुलीने फोन खाली घेतला. मग तिने फोनकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "सॉरी ताई. बटण दाबलंच गेलं नाही." तिने पुन्हा फोन पुढे धरला. "परत एकदा म्हणाल? आणि जरा सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून. इतक्या भरात म्हटलंत की मला उच्चार कळत नाहीत."

मी हात खाली सोडले. चेहरा सरळ केला. आणि तिला नीट कळेल असा, एकेक शब्द सुटा करून, सावकाश म्हणून दाखवला. या वेळी ते व्यवस्थित रेकॉर्ड झालं.